जडत्व म्हणजे जडपणाच का?

प्रश्न एका निवृत्त वायरमनचा आहे. थोडक्यात असा: "दहावीनंतर विज्ञान सुटलं होतं. आता साठी उलटल्यावर भौतिकशास्त्राचा नाद लागलाय, रद्दीतून शाळेची पुस्तकं आणून वाचतो. एक गाठ काही सुटत नाही. जडत्व म्हणजे जडपणा. गुरू म्हणजेही जड, म्हणजे गुरुत्व हाही जडपणाच. मग एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला? आणि अंतराळात वजन नसतं म्हणतात, तर तिथे जडत्व कसं काय उरतं? मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, बाबा, शब्दांचा कीस पाडत बसू नका, गणितं सोडवा."

कीस खुशाल पाडा. मी भौतिकशास्त्रातला नाही, तुमच्यासारखाच हौशी, फक्त माझी हौस शब्दांची. पण तुम्ही जिथे अडकलात तिथे फार मोठी माणसं अडकली होती, हे मलाही कळतं.

आधी 'जड'. संस्कृतात जड म्हणजे गारठलेला, ताठरलेला, हालचाल नसलेला आणि त्यावरून मंदबुद्धी. वजनाचा त्यात काही संबंध नाही. भागवतातला जडभरत अंगाने जड होता म्हणून जड नव्हे; जगाशी देणंघेणं नसल्यासारखा, मठ्ठासारखा वागायचा म्हणून जड. (आपण मात्र सोफ्यावरून न उठणाऱ्याला जडभरत म्हणतो, आणि बहुतेक वेळा त्याचं वजनही बरंच असतं.) जड-चेतन, जडसृष्टी, जडवाद यांतला जड तो संस्कृतातला. हिंदीनेही तोच अर्थ ठेवला आणि वजनासाठी 'भारी' वापरला. मराठीने 'भारी' साडीला, सिनेमाला, झकास गोष्टीला देऊन टाकला आणि वजनाचं काम जडकडे आलं. पिशवी जड, पारडं जड, पुरणपोळी पचायला जड, तापात डोकं जड, भूमितीचा पेपर जड गेला. हा अर्थ कसा सरकला असेल त्याचा अंदाज करता येतो. जे जागचं हलत नाही ते हलवायला कष्ट पडतात, आणि जे हलवायला कष्ट पडतात ते बहुधा उचलायलाही अवघड असतं.

'सवय जडणे', 'जडजवाहीर' यांतला जड मात्र यात ओढू नका. तो वेगळा शब्द आहे, चिकटण्या-बसवण्याचा.

शास्त्राची परिभाषा करताना 'इनर्शिया'साठी 'जडत्व' घेतलं गेलं ते संस्कृत अर्थाने. मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ आळस, निष्क्रियता असाच आहे. भौतिकशास्त्रात तो आणला जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने, आणि त्याच्या मनातही आळसच होता: वस्तू असेल तिथे थांबू पाहते. पुढे १६८७ च्या ग्रंथात न्यूटनने शब्द तोच ठेवून अर्थ बदलला. थांबलेली वस्तू थांबून राहील आणि चाललेली चालत राहील. बदल करायचा तर बाहेरून जोर लावा. म्हणून शाळेच्या पुस्तकात 'विराम अवस्थेचे जडत्व' आणि 'गतीचे जडत्व' असे दोन्ही येतात आणि दुसरं वाचताना आपण अडखळतो. धावणारी गोष्ट जड कशी? कुंभाराचं चाक आठवा. दांडीने फिरवून दांडी काढून घेतली तरी चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. हा त्याचा आळसच, थांबण्याचा आळस.

आता 'गुरुत्व'. गुरू म्हणजे वजनदार, लघु म्हणजे हलका. कवितेत मात्रा मोजताना आपण तेच शब्द वापरतो. लॅटिनमधला 'ग्राविस', ज्यावरून इंग्रजी 'ग्रॅव्हिटी' आला, तो आणि आपला 'गुरू' एकाच मुळातले. वैशेषिकांच्या, म्हणजे सृष्टीची द्रव्यं आणि गुण मोजणाऱ्या एका जुन्या भारतीय दर्शनाच्या, शास्त्रात गुरुत्व हा वस्तूचा गुण आहे आणि वस्तू पडायला सुरुवात होते ती त्याच्यामुळे. म्हणून न्यूटन आपल्याकडे आधीच होऊन गेला, असं कृपया म्हणू नका. त्यांच्या मते गुरुत्व फक्त पृथ्वी आणि जल या द्रव्यांत. सोनं त्यांनी तेज या द्रव्यात, म्हणजे अग्नीच्या जातीत, घातलेलं, तेव्हा ते इतकं जड का याचं उत्तर द्यायला 'त्यात पृथ्वीचा अंश मिसळलाय' असं म्हणावं लागलं! भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत मात्र पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातल्या 'गुरु' वस्तूला आपल्याकडे ओढते, असं म्हटलं आहे. 'गुरुत्वाकर्षण' या शब्दाचे दोन्ही तुकडे तिथे जवळजवळ बसलेले दिसतात.

'वजन' अरबीतून फारसीमार्गे आला. उर्दू शायरीत वृत्तालाही वज़न म्हणतात, म्हणजे गुरूसारखाच हाही कवितेत शिरला. कचेरीतल्या फाइलवर ठेवतात ते वजन भौतिकशास्त्रात बसत नाही. ते ठेवल्यावर वस्तू हलायला सोपी होते.

तर, तुमच्या गाठीकडे. जडत्व म्हणजे हलवायला जड. गुरुत्व म्हणजे उचलायला जड, म्हणजे पृथ्वी किती जोराने ओढते ते. या दोन गोष्टी सारख्या असायलाच हव्यात असं काही नाही. विजेचं काम केलेल्या माणसाला हे पटेल. दोन वस्तूंवर विद्युतप्रभार सारखा असला तरी त्या ढकलायला सारख्या जड असतील असं नाही. मग पृथ्वीची ओढ नेमकी जडत्वाच्याच प्रमाणात का असावी?

आमच्या घरी पितळी कड्यांचा झोपाळा आहे, आढ्यापासून फळीपर्यंत साधारण सात फूट. तुमचा प्रश्न वाचून मी रिकाम्या फळीला हलकासा धक्का दिला आणि दहा झोके मोजले: २९ सेकंद. मग तांदळाचा २५ किलोचा कट्टा आडवा ठेवून पुन्हा मोजले. धक्का द्यायला जोर जास्त लागला, ते जडत्व. पण दहा झोके पुन्हा २९ सेकंदांतच, अर्धा सेकंद इकडेतिकडे, आणि तो माझ्या मोबाइलवरच्या अंगठ्याचा. कट्टा हलायला जास्त नाखूष, पण पृथ्वीही त्याला तितक्याच पटीने जास्त ओढते, म्हणून हिशेब फिटतो. बायको तोवर 'तांदूळ फळीवर का?' म्हणून दारात उभी होती, त्यामुळे तिसरी फेरी राहिली.

न्यूटनने हेच केलं होतं, तेही जास्त नीटपणे. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू, असे नऊ पदार्थ सारख्याच लंबकांत भरून. हजारात एका भागाइतकाही फरक त्याला दिसला नाही. हंगेरीच्या योत्व्हश या भौतिकशास्त्रज्ञाने पुढे ही तपासणी कित्येक पटींनी बारीक केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनीही कर्नाटकात गौरीबिदनूरला पीळ दिलेल्या तारेच्या तराजूवर असेच प्रयोग केले. २०१६ मध्ये सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनम तुलनेला घेतले. २०२२ च्या अंतिम निकालात एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांत दोन-तीन भागांपर्यंतही फरक सापडला नाही.

आणि १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनला वाटलं की हा योगायोग नसावा. खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणारच नाही, इथून तो निघाला आणि आठ वर्षांनी गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतापाशी पोचला. म्हणजे 'दोन शब्द कशाला?' हा तुमचा प्रश्न अडाण्याचा नाही. मराठीने न मोजता दोन्ही अर्थ एका 'जड'मध्ये घातले. शास्त्रज्ञ मोजून मोजून त्याच जागी येतात.

तरीही वहीत लिहिताना शब्द वेगळे ठेवा, नाहीतर तुमचा दुसरा प्रश्न सुटणार नाही. अंतराळस्थानक फिरतं ते ४०० किलोमीटर उंचीवर. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. पण स्थानक, माणसं, पाण्याचे थेंब सगळेच एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. जडत्व जसंच्या तसं असतं. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीरांचं वस्तुमान (अंगात द्रव्य किती ते) मोजायला काटा चालेना, म्हणून स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून ती हलवायचे आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते बघायचे. इथे माझ्या झोपाळ्याच्या उलट होतं: माणूस जितका जास्त वस्तुमानाचा तितके हेलकावे संथ. कारण स्प्रिंगला कोण बसलंय याच्याशी कर्तव्य नाही, ती सगळ्यांना सारखीच ओढते. तिथे एकटं जडत्व मोजलं जातं.

वही ठेवणार असाल तर हलवायला जड ते 'जडत्वीय वस्तुमान' आणि उचलायला जड ते 'गुरुत्वीय वस्तुमान' असे दोन शब्द घ्या. हिंदी पुस्तकांत 'द्रव्यमान' दिसेल. ते म्हणजे आपलं वस्तुमानच, गोंधळू नका. आणि तुमच्याकडे झोपाळा नसेल तर होल्डरला लांब वायर बांधून लंबक करा, तुम्हाला ते माझ्यापेक्षा नीट जमेल. वेगवेगळ्या वजनाचे दोन नटबोल्ट लावून बघा, आणि मोजायला मुलाला बसवा.