गाडी धावते कमी, थांबते जास्त

पुणे परिसरातल्या मालवाहतुकीबद्दल वाचकांनी विचारलेले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ त्यातच आहे.

चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच पाहणारे वाचक विचारतात: गेटपासून महामार्गापर्यंतच्या चार किलोमीटरला कधीकधी तास लागतो. रिंग रोड झाला की हे संपेल ना?

थोडं हलकं होईल, संपणार नाही. रस्त्यावरच्या गाड्या दोन जातीच्या असतात. एक, जिचं पुण्यात काहीच काम नाही. बंगळुरूहून निघून नाशिकला जायचं, वाटेत पुणं लागतं म्हणून इथून जाते. पुण्याभोवतीचा, पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांतला, ११० मीटर रुंदीचा रिंग रोड या गाडीसाठी आहे आणि तो व्हायलाच हवा. पण दुसरी गाडी चाकणमध्येच भरते किंवा चाकणमध्येच खाली होते. तिला बाहेरून कितीही मोठा रस्ता दिला, तरी शेवटचे चार किलोमीटर तुमच्याच रस्त्याने यावं लागणार.

वाहनमोजणीच्या कामासाठी मी एकदा पहाटे साडेपाचला अशाच एका गेटसमोर उभा होतो. डाव्या कडेला गाड्यांची ओळ लागलेली. एक डायव्हर मागच्या डाल्याच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून चहा करत होता. तमिळनाडूतल्या होसूरहून सुटे भाग घेऊन आलेला, रात्री अकराला पोचलेला. त्याचा नंबर लागला सकाळी साडेनऊला आणि माल उतरायला लागली पस्तीस मिनिटं. साडेदहा तास ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी होती. दोन पदरी रस्त्याचा एक पदर अशा गाड्यांनी खाल्ला, की कामगारांची बस, दुचाक्या आणि कंटेनर उरलेल्या पदरात एकमेकांसमोर येतात. तुमचा तास तिथे जातो.

गाड्या इतक्या आधी का येतात? वाहन उद्योगात कारखाने साठा कमी ठेवतात, भाग पाळीच्या हिशेबाने मागवतात. लाइन थांबली तर पुरवठादाराच्या माथी दंड बसतो, म्हणून वाहतूकदार गाडी आधीच आणून उभी करतो. गोडाऊनचा खर्च कारखान्याने वाचवला आणि गोडाऊन रस्त्यावर आलं. मला हे अन्यायाचं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कारखान्यात दिवसाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त जड गाड्या येतात, त्याने त्या थांबण्याची सोय आवारात करावी, नाहीतर सामाईक वाहनतळाच्या खर्चात वाटा उचलावा. वाहनतळ महामार्गाजवळ हवा आणि तिथूनच मोबाइलवर नंबर लागला पाहिजे. नंबर आल्यावरच गाडी गेटकडे निघेल.

दुसरी गोष्ट चौकांची. नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. सरळ जाणारी वाहतूक तो वर उचलेल. पण चाकणच्या तळेगाव चौकात शिक्रापूरकडे किंवा तळेगावकडे वळणारा ट्रेलर खालीच राहणार. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, कोपरा आतून कापतात. कोपऱ्यावर खांब, टपरी किंवा उभी रिक्षा असली, की तो अडकतो, मागेपुढे करतो आणि चारही दिशा थांबतात. पुलाच्या खांबांची जागा ठरवण्याआधी ही वळणं कागदावर काढली पाहिजेत. खांब उभे राहिल्यावर ते कोणी हलवत नाही.

खेड तालुक्यातले एक ग्रामपंचायत सदस्य: गावचा रस्ता दोन पावसाळे टिकत नाही. ठेकेदार म्हणतो ओव्हरलोड गाड्या, गाडीवाले म्हणतात ठेकेदार.

बहुधा दोघांचंही थोडं खरं असतं. रस्त्याचं नुकसान गाडीच्या एकूण वजनापेक्षा प्रत्येक एक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पडणाऱ्या भाराने ठरतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर सतत ट्रक चालवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा: नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवरचा भार वीस टक्के वाढला तर नुकसान दुपटीहून जास्त, आणि दीडपट झाला तर पाचपट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. म्हणजे पूर्ण कायद्यात बसणारी गाडीसुद्धा जुन्या रस्त्याला पूर्वीपेक्षा जास्त जड पडू शकते. तुमचा रस्ता बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एसटीच्या हिशेबाने बांधलेला असेल, तर खडी-मुरुमाच्या गाड्यांपुढे वरवरच्या डांबराचा टिकाव लागणार नाही.

ग्रामसभेत दोन मागण्या ठेवा. रस्ता पुन्हा करण्याआधी सात दिवसांची वाहनमोजणी व्हावी, आणि जाडी तिच्यावरून ठरावी. आणि खाणीच्या, क्रशरच्या तोंडाशीच वजनकाटा असावा. गाडी रस्त्यावर आल्यावर पकडण्यापेक्षा भरतानाच रोखणं सोपं. साइडपट्ट्या आणि चाऱ्या साफ ठेवणं मात्र गावाच्याच हातात आहे. पाणी साचलेला रस्ता हलक्या गाडीनेही फुटतो.

रांजणगावचे एक उद्योजक: सगळा माल न्हावा-शेव्याच्या बंदरात ट्रेलरने का? मालगाडी स्वस्त नाही का?

लांबच्या पल्ल्याला स्वस्त. चाकणहून न्हावा-शेवा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने न्यायचं तर आधी ट्रेलरवर चढवून साइडिंगला, म्हणजे माल भरायच्या रुळांपाशी, न्या, क्रेनने वॅगनवर ठेवा, आणि गाडी भरण्याइतके कंटेनर जमेपर्यंत थांबा. एका गाडीवर वीस फुटी नव्वद कंटेनर बसतात. तेवढे एका दिवसात, एकाच ठिकाणी जमले तर गणित जुळतं. एरवी ट्रेलर तोवर जाऊन परतलेला असतो.

मधे बोरघाट आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणून कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. त्याच रुळांवर प्रवासी गाड्याही धावतात, त्यामुळे मालगाडीला वाट मिळेल तेव्हाच ती निघते. एकावर एक दोन कंटेनर ठेवायची सोय जुन्या बोगद्यांमध्ये नाही.

पण उत्तरेकडे जाणाऱ्या मालाची गोष्ट वेगळी. चिंचवडहून मोटारी रेल्वेने भरून जातात, आणि दौंडला कॉर्ड लाइन, म्हणजे दोन मार्ग थेट जोडणारा रूळ, झाल्यापासून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला इंजिन फिरवत बसावं लागत नाही. तुमचा माल दिल्ली, कोलकात्याला जात असेल तर रेल्वेचा दर जरूर काढा. पुणे-नाशिक लोहमार्गाचा मूळ आराखडा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला होणाऱ्या अडथळ्यामुळे बदलावा लागला. मार्ग कुठलाही ठरो, त्यावर चाकणसाठी मालधक्का पहिल्या दिवसापासून हवा. नुसतं प्रवासी स्टेशन झालं, तर ही संधी पुढच्या पिढीपर्यंत परत येणार नाही.

नऱ्ह्याच्या एक रहिवासी: नवले पुलावर अजून किती माणसं मरायची? जड गाड्या बंदच करा.

तुमचा राग मला समजतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जड वाहनाने तिथे एकामागून एक कितीतरी गाड्या चिरडल्या, आणि त्यानंतरही अपघात थांबले नाहीत. पण सातारा, कोल्हापूर, बंगळुरूचा सगळा माल याच मुंबई-बंगळुरू महामार्गाने येतो. बाहेरचा रस्ता तयार होईपर्यंत त्याला दुसरी वाट नाही.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की सलग उतार लागतो. डिझेल वाचवायला काही डायव्हर गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा कमी होते. खरं तर आजच्या इंजिनांमध्ये गियरात उतरताना डिझेल जवळजवळ लागतच नाही, न्यूट्रलमध्येच जास्त जळतं. ही गोष्ट प्रत्येक पंपावर, प्रत्येक ढाब्यावर मराठी, हिंदी, कन्नड आणि तमिळमध्ये लिहिलेली हवी.

गाडी थांबवायची जागा बोगद्याच्या अलीकडे, खेड-शिवापूरच्या बाजूला हवी. दहा मिनिटांचा सक्तीचा थांबा, ब्रेक आणि हवेचा दाब पाहून पुढे सोडणं, आणि उतारावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. हे रिंग रोडची वाट न पाहता करता येतं.

वाहतूक नियोजन शिकणारी विद्यार्थिनी: फास्टॅग आणि ई-वे बिल (मालासोबतची जीएसटीची ऑनलाइन नोंद) असताना रस्त्यावर उभं राहून मोजणी कशाला?

कारण त्यात मोठी भोकं आहेत. ताज्या भाजीपाल्याला आणि फळांना ई-वे बिल लागत नाही, म्हणजे नारायणगाव, मंचरहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डला येणारा माल तुझ्या संगणकावर दिसणारच नाही. परतीचं भाडं न मिळालेली रिकामी गाडीही दिसणार नाही, आणि ती रस्त्यावर जागा मात्र भरलेल्या गाडीएवढीच घेते. फास्टॅग नाक्यावरची नोंद देतो, गाडी नाक्यानंतर कुठे गेली ते सांगत नाही. एक रात्र मार्केट यार्डच्या गेटवर घालव. डायव्हरला विचार, कुठून आलास, कधी पोचलास, आता कुठे. तिसरा प्रश्न विसरू नकोस.

बीडचे एक डायव्हर, बारा चाकी चालवतात: साहेब, आराखड्यात आमच्यासाठी काय असतं?

आजवर फार थोडं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. पण विश्रांती घ्यायची कुठे, हे रस्ता बांधणाऱ्यांनी क्वचितच ठरवलं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ते चांगलं झालं. तुमची जुनी गाडी मात्र उन्हातच राहणार.

वाहनतळाचा प्रस्ताव लिहिताना मी आधी झोपायची जागा, संडास, न्हाणीघर, पिण्याचं पाणी आणि डिझेल चोरीला जाणार नाही अशी राखण मांडतो, गाड्यांची संख्या नंतर. तुम्ही रात्री कुठे थांबता, तिथे काय मिळतं आणि त्याचे किती पैसे लागतात, हे मला लिहून पाठवा. पुणे ते बीड आणि पुणे ते न्हावा-शेवा, दोन्ही बाजूंचं. पुढच्या प्रस्तावाला मी ते जोडणार आहे.