पत्र्याची अक्षरे, २३० व्होल्ट आणि ओले अंगण

बहिणीच्या लग्नासाठी दिव्यांनी उजळणारी पत्र्याची अक्षरे घरी करता येतील का आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. करता येतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, एरंडोल तालुक्यातल्या आमच्या अंगणात, मी ‘शुभविवाह’ ही पाच अक्षरे दोन-दोन फूट उंचीची केली होती आणि त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

जस्ताचा पत्रा जळगावहून आणला. अक्षराचा तळ कापून त्याला कडेने चार इंचांची भिंत रिव्हेटने जोडली. देवनागरीत खरी अडचण आधाराची असते: ‘वि’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, ‘शु’चा उकार खाली लोंबतो, आणि शिरोरेषा म्हणून एकच सलग पट्टी ठोकली तर ‘भ’ दुरून ‘म’ दिसू लागतो, म्हणून मी आधाराचा चौकोनी पाइप अक्षरांच्या मागच्या बाजूने घेतला आणि पुढची रेषा ‘भ’पाशी तोडली. एवढी अडचण असली तरी नवरा-नवरीची इंग्रजी आद्याक्षरे करू नयेत, असेच माझे मत आहे. मांडवात आलेल्या आजीला वाचता येईल तेच अक्षर लावावे.

वायरिंग मात्र थोरल्या मेहुण्यांनी केले. अर्ध्या वॅटचे साठ एलईडी बल्ब, म्हणजे एकूण ३० वॅट. एवढ्याशा भाराला अर्थिंग, म्हणजे पत्र्यातला करंट जमिनीत नेणारी वायर, कशाला, असे म्हणून त्यांनी अर्थिंगची पिन नसलेला टू-पिन टॉप लावला. मे महिन्याची धग कमी व्हावी म्हणून हळदीच्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडले होते. मामी अनवाणी, हळदीच्या ओल्या हातांनी ‘ह’ला टेकल्या आणि किंचाळून मागे कोसळल्या. त्या बचावल्या, पण हळदीचे गाणे तिथेच थांबले. उघडून पाहिले तर ड्रिलच्या भोकाची धार कानशीने घासून बोथट केलेली नव्हती आणि तिने फेजच्या, म्हणजे जिवंत वीज असलेल्या, वायरचे आवरण कापले होते. जादा करंट वाहिला की वीज तोडणारा स्विच, म्हणजे एमसीबी, पडला नाही, कारण पत्र्यातून जमिनीत जायला करंटला वाटच ठेवली नव्हती. ती वाट मामींच्या शरीरातून मिळाली. वॅट कमी असले तरी होल्डरमध्ये २३० व्होल्टच असतात, हे मेहुणे अजूनही मान्य करत नाहीत आणि दोष पाणी शिंपडणाऱ्यांना देतात. मांडवात पाणी सांडणारच. पत्रा लावणाऱ्याने ते गृहीत धरले पाहिजे.

आपण १२ व्होल्टची एलईडी मॉड्यूल (एलईडी बसवलेले छोटे तयार तुकडे) वापरावीत, २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय घरात कोरड्या जागी ठेवावा आणि अक्षरांपर्यंत फक्त १२ व्होल्टची वायर न्यावी. प्रत्येक भोकात वायरला धार लागू न देणारे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, हवेच. खर्च पत्र्याच्या जाडीवर आणि मॉड्यूलच्या संख्येवर ठरेल. आमचे बल्बांचे काम होते, त्यामुळे तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. पॉवर सप्लायची पेटीही बहुधा धातूची असते, तशी असल्यास तिलाही अर्थिंग लागेल, आणि सॉकेटला तिसरे भोक आहे एवढ्यावर विश्वास न ठेवता त्यात अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून हळदीच्या आधी तपासून घ्यावे.