गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठीतून भूल देताना फेंटानिल चांगलं की डेक्समेडेटोमिडिन?

तुमच्या वडिलांचा गुडघा बदलायचा आहे, स्पायनलच्या इंजेक्शनात आणखी एक औषध मिसळणार आहेत आणि या दोघांतलं कोणतं बरं, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. गुडघ्यासाठी माझा कौल फेंटानिलला.

कमरेखालचा भाग बधिर करणारं मूळ औषध बहुतेक ठिकाणी हेवी ब्युपिव्हाकेन. त्याचा अंमल साधारण दोन-तीन तास. तेवढ्यात ऑपरेशन उरकतं, पण खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं, म्हणून ही जोड.

फेंटानिल 10 ते 25 मायक्रोग्रॅम पुरतं. लवकर लागू पडतं, वेदनाशमन काही तास लांबवतं आणि पाय जड राहण्याचा वेळ फारसा वाढवत नाही. खाज सुटते, ती बहुधा सोसण्याजोगी असते.

डेक्समेडेटोमिडिन वेदना त्याहून जास्त वेळ दाबून ठेवतं, खाजही नाही. पण पायांतली ताकद उशिरा परतते आणि नाडी मंदावते. शिवाय मोजमाप फार नाजूक. एक मिलीत 100 मायक्रोग्रॅम, आणि आपल्याला हवेत 5! म्हणजे 0.05 मिली. मी ते 40 युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये दोन युनिट भरते आणि सिस्टरांना दाखवूनच पुढे जाते. क्लोनिडिन याच जातीचं, जुनं. ते रक्तदाब उतरवतं.

मॉर्फिनचे 100-150 मायक्रोग्रॅम जवळजवळ दिवसभर आराम देतात. मात्र उलट्या, खाज, लघवी अडकणं आलंच, आणि कित्येक तासांनी श्वास मंदावू शकतो. रात्रभर श्वास मोजणारं कुणी वॉर्डात नसेल तर मी ते देत नाही.

हल्ली गुडघ्याच्या पेशंटला त्याच संध्याकाळी उभं करतात. तिथे पाय लुळे राहिले तर पडण्याची भीती. त्यापेक्षा स्पायनलमध्ये फेंटानिल आणि मांडीत अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक (गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करणारं इंजेक्शन), हे मला जास्त पटतं. नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये तर लांबलेली बधिरता मला नकोच असते. पोटरीत दाब वाढू लागला की वाढतं दुखणं हीच पहिली खूण, ती झाकली जाता कामा नये.

वडील नाडी मंदावणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील, झोपेत मोठ्याने घोरत असतील किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच सांगा, त्यावरून निवड बदलते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. त्यावर स्पायनल द्यायचं की नाही हेच ठरतं.