होस्टिंगवरच्या ईमेलला स्पॅम फिल्टर लावताना कामाचे मेल गायब होऊ नयेत म्हणून काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: व्यवसायाचे सात-आठ ईमेल पत्ते शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर आहेत आणि ते सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या नियंत्रण पानावरून चालतात. रोज शंभराच्या आसपास नको असलेले मेल येत होते, म्हणून तुम्ही स्पॅम फिल्टर चालू केले. कचरा कमी झाला, पण त्याच आठवड्यात दोन ग्राहकांनी मेल पाठवूनही उत्तर आले नाही अशी तक्रार केली आणि ते मेल आता कोणत्याही फोल्डरमध्ये सापडत नाहीत. लहान व्यवसायांचे मेल सर्व्हर सांभाळणे हेच माझे काम असल्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट करा. सीपॅनेलमध्ये ‘स्पॅम फिल्टर्स’ हे पान उघडा आणि तेथील ‘ऑटो-डिलीट’ बंद करा. मेल कोणत्याच फोल्डरमध्ये नसेल, तर बहुधा याच बटणाने तो गिळला आहे.

त्या पानावर तीन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली सोय फक्त शिक्का मारते, म्हणजे संशयास्पद मेल इनबॉक्समध्येच येतो, पण त्याच्या विषयापुढे तारांकित ‘स्पॅम’ असा शब्द लागतो. दुसरी सोय म्हणजे ‘स्पॅम बॉक्स’. ती असा मेल त्याच खात्यातल्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. तिसरी, ऑटो-डिलीट, मेल खात्यापर्यंत पोहोचूच देत नाही. पाठवणाऱ्याला मेल पोहोचल्यासारखे वाटते, तुम्हाला काही दिसत नाही, आणि होस्टिंगवाल्यांच्या बॅकअपमध्येही तो मिळत नाही, कारण तो खात्यात कधी जमाच झालेला नसतो. उरते ती फक्त नोंद. ती ‘ट्रॅक डिलिव्हरी’ या पानावर गेल्या काही दिवसांपुरती पाहता येते. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ तेथे मिळते. ती यादी आजच पाहून घ्या आणि ज्यांचे मेल गेले त्यांना फोन करा.

आतमध्ये काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्पॅमअसॅसिन. जस्टिन मेसन यांनी ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे ते अपाची फाउंडेशनकडे गेले. ते एखाद्या एकाच कारणावरून मेलला दोषी ठरवत नाही. शेकडो नियम असतात, प्रत्येक नियमाला अधिक किंवा उणे गुण असतात आणि सर्वांची बेरीज ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचली की मेल स्पॅम ठरतो. ही मर्यादा मुळात ५ असते. येथे एक गैरसमज हमखास होतो: आकडा वाढवला म्हणजे फिल्टर कडक झाले असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. २ ठेवले तर निम्मा चांगला पत्रव्यवहारही अडकेल. ८ ठेवले तर बराच कचरा निसटून आत येईल.

हे मी अनुभवाने शिकलो आहे, आणि तोही फार अभिमानाने सांगण्यासारखा अनुभव नाही. काही वर्षांपूर्वी चाकण परिसरातील एका लहान कारखान्याचे मेल माझ्याकडे आले. मालक कचऱ्याला इतके वैतागले होते की ‘स्पॅम डोळ्यांना दिसताच कामा नये’ अशी त्यांची अट होती. मी ऑटो-डिलीट चालू केले, मर्यादा ५ ठेवली आणि निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की, खरेदीची ऑर्डर दोनदा पाठवूनही तुम्ही ती घेतल्याचे कळवत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसे झाले होते. मी ऑटो-डिलीट बंद करून त्यांना तोच मेल पुन्हा पाठवायला सांगितला, आणि या खेपेस तो स्पॅम फोल्डरमध्ये पडला, त्यामुळे त्याचे शीर्षक, म्हणजे हेडर, वाचता आले.

हेडर वाचणे ही या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी सवय आहे आणि ती कोणालाही जमते. राउंडक्यूब वेबमेलमध्ये मेल उघडून ‘शो सोर्स’ निवडले की वरच्या भागात ‘एक्स-स्पॅम’ने सुरू होणाऱ्या काही ओळी दिसतात. त्या ऑर्डरच्या मेलमध्ये ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत होय, गुण ५.६ असे होते. त्याखालच्या ‘एक्स-स्पॅम-स्कोर’ या ओळीत मात्र ५६ दिसत होते. ते पाहून घाबरू नका. एक्झिम हा मेल सर्व्हर गुणांना दहाने गुणून तेथे लिहितो. शेजारच्या ‘स्पॅम-बार’ या ओळीत पाच अधिक चिन्हे होती, म्हणजे पूर्ण पाच गुण. कोणत्या नियमांनी हे गुण दिले त्यांची नावेही तेथेच होती: विषय पूर्णपणे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला, मजकूर जवळजवळ नाही आणि ऑर्डरचा कागद स्कॅन करून चित्र म्हणून चिकटवलेला, शिवाय पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांकावरून, त्याचे नाव उलटे शोधता येईल अशी नोंद नाही. कोठे एक, कोठे दीड असे करत बेरीज पाचच्या पुढे गेली होती. यांतला एकही दोष गुन्हा म्हणावा असा नव्हता. घाईत असलेला खरेदी विभागातला माणूस रोज असेच मेल लिहितो.

म्हणून तुम्ही आज अशी मांडणी करावी: पहिली आणि दुसरी सोय चालू, तिसरी बंद, मर्यादा ५. मग दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच मिनिटे स्पॅम फोल्डर चाळा आणि चुकून तेथे गेलेल्या प्रत्येक मेलचे गुण एका कागदावर लिहा. हे सगळे आकडे ५ ते ६.५ च्या दरम्यान असतील, तर मर्यादा टप्प्याटप्प्याने ६ किंवा ६.५ करून पाहा. उलट कचराच इनबॉक्समध्ये ३.५ ते ४.५ गुणांनी येत असेल, तर ती ४.५ वर आणा, पण एका वेळी अर्ध्या गुणापेक्षा जास्त हलवू नका. या पानावरील मर्यादा एका पत्त्यासाठी नसून संपूर्ण सीपॅनेल खात्यासाठी असते, हेही लक्षात ठेवा. विक्री विभागाला सैल आणि लेखा विभागाला कडक नियम हवा असेल, तर तो त्या-त्या पत्त्याच्या ‘ईमेल फिल्टर्स’मध्ये ‘स्पॅम-बार’मधील अधिक चिन्हांची अट घालून वेगळा बनवावा लागतो.

आता एक अडचण, जी तुमच्याकडेही असण्याची दाट शक्यता आहे. कार्यालयातले आउटलुक जर पॉप पद्धतीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, जोडलेले असेल, तर त्याला फक्त इनबॉक्स दिसतो. सर्व्हरवरचे स्पॅम फोल्डर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. परिणामी चुकून अडकलेला मेल तेथे सुखरूप असतो, पण कोणी पाहत नाही आणि फोल्डर फुगत-फुगत खात्याची जागा संपवते. शक्य असेल तर सर्वांना आयमॅपवर आणा, त्या पद्धतीत सर्व्हरवरची सगळी फोल्डर दिसतात. ते जमत नसेल, तर एका व्यक्तीवर रोज सकाळी वेबमेल उघडून ते फोल्डर पाहण्याची जबाबदारी टाका, आणि ती नेमकी कोणाची हे लिहून ठेवा. ‘कोणीतरी पाहील’ या भरवशावर सोडलेले फोल्डर कोणीही पाहत नाही.

नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे विश्वासू पत्त्यांच्या यादीत, घालणे हा पुढचा उपाय आहे आणि तो चांगला आहे, पण जपून वापरावा. व्हाइटलिस्टमधल्या पत्त्याला थेट उणे १०० गुण मिळतात, म्हणजे बाकीचे सगळे नियम निरर्थक ठरतात. बहुतेक लोक पहिली चूक करतात ती स्वतःच्याच डोमेनचे सगळे पत्ते त्यात घालण्याची. ‘प्रेषक’ या जागी कोणाचाही पत्ता लिहिता येतो, हे फसवणूक करणाऱ्यांना तुमच्याआधीपासून माहीत आहे. तुमच्याच मालकाच्या नावाने, तुमच्याच डोमेनच्या पत्त्यावरून ‘या खात्यात तातडीने पैसे भरा’ असा मेल लेखापालाला येतो, तेव्हा तो याच उघड्या दारातून आलेला असतो. तीच गोष्ट जीमेलसारख्या सार्वजनिक डोमेनची. एका ग्राहकासाठी सगळ्या जीमेलला मोकळीक देऊ नका, पूर्ण पत्ता लिहा.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग तपासावे. स्पॅमअसॅसिनमध्ये मजकुराची भाषा ओळखणारी एक सोय आहे, आणि ज्या भाषा मान्य आहेत त्यांची यादी प्रशासकाला देता येते. कोणी ‘आपला व्यवहार इंग्रजीतच चालतो’ असे म्हणून फक्त इंग्रजी मान्य केली असेल, तर नगरपालिकेकडून, बँकेच्या ग्रामीण शाखेकडून किंवा एखाद्या पुरवठादाराकडून आलेल्या सरळसाध्या मराठी मेललाही जवळपास तीन गुण लागतात. मर्यादेच्या निम्म्याहून जास्त वाटचाल तेथेच झाली. होस्टिंगवाल्यांना स्पष्ट शब्दांत विचारा की ही यादी लावलेली आहे का. दिवाळीच्या दिवसांत मजकूर नसलेली, फक्त मोठे चित्र असलेली शुभेच्छापत्रे स्पॅममध्ये जातात ती मात्र भाषेमुळे नव्हे. चित्रच चित्र आणि शब्द नाहीत, हा स्वतंत्र नियम आहे.

मर्यादेशी खेळण्यापेक्षा जास्त फरक पडतो तो ‘डिफॉल्ट ॲड्रेस’ने. डोमेनवरील अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचे मेलही कोणत्या तरी एका खात्यात गोळा करण्याची सोय जुन्या खात्यांवर बऱ्याचदा चालू असते. स्पॅम पाठवणारे कोणत्याही नावाचे पत्ते अंदाजाने तयार करतात, आणि तुम्ही ते सगळे आपुलकीने स्वीकारत बसता. ते ‘फेल’वर ठेवा, म्हणजे सर्व्हर दारातूनच नकार देईल. एका ग्राहकाकडे एवढ्या एका बदलाने रोजचे चारशे मेल सत्तरवर आले होते. नकारामुळे खऱ्या माणसाचा फायदाच होतो, कारण पत्ता लिहिताना एक अक्षर चुकले तर त्याला लगेच कळते.

मेल जीमेलकडे फॉरवर्ड करत असाल, तर ते शक्यतो थांबवा. फॉरवर्ड होताना मूळ पाठवणाऱ्याची एसपीएफ तपासणी (त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का, ही पडताळणी) मोडते, कारण जीमेलला तो मेल तुमच्या सर्व्हरकडून आलेला दिसतो. वर स्पॅमही तुमच्याच सर्व्हरमार्फत पोहोचल्यामुळे बदनामी तुमच्या सर्व्हरची होते आणि काही दिवसांनी तुमचे स्वतःचे मेलही जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये पडू लागतात.

तुमच्या हरवलेल्या दोन मेलपैकी एखादा वेबसाइटवरील ‘संपर्क करा’ फॉर्ममधून आला होता का, हेही पाहा. फॉर्म बनवणारे बरेच जण प्रेषक म्हणून भेट देणाऱ्याचाच पत्ता टाकतात. म्हणजे तुमचा वेब सर्व्हर जीमेलच्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवतो, आणि वेबसाइट एकीकडे व मेल दुसरीकडे असेल तर घेणाऱ्या सर्व्हरला ती सरळ तोतयेगिरी वाटते. प्रेषक तुमच्याच डोमेनचा ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. फॉर्ममधून येणारा कचरा मात्र मेल फिल्टरने नीट थांबत नाही. त्याला फॉर्मवरच कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारी चाचणी, हवा.

फिल्टर हळूहळू शिकते असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. ते अर्धे खरे आहे. स्पॅमअसॅसिनमधील बेझियन भाग शब्दांच्या सवयींवरून शिकतो, पण किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. शिवाय आउटलुकमध्ये ‘जंक’ दाबल्याने सर्व्हरवरच्या फिल्टरला काहीही कळत नाही. ते फक्त त्या संगणकापुरते असते. सर्व्हरला शिकवायची वेगळी आज्ञा असते, आणि शेअर्ड होस्टिंगवर ती वापरू देतात का हे विचारूनच घ्यावे लागते.

स्वतःच्या डोमेनचे एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) हे सीपॅनेलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावर जाऊन तपासा. येणारा स्पॅम यांनी फारसा कमी होत नाही, पण तुमच्या नावाने होणारी तोतयेगिरी ओळखता येते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही आवश्यक केली आहेत. डीमार्क प्रथम नुसत्या देखरेखीच्या पातळीवर ठेवा. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लिहिले तर पगारपत्रके किंवा बिले पाठवणारी तुमचीच एखादी बाहेरची सेवा अडकेल.

एवढे करूनही कचरा आवरला नाही, तर पैसे देऊन बाहेरची गाळणी सेवा घेता येते. तेव्हा एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचे मेल कोठे पोहोचवायचे ते सांगणारी नोंद, त्यांच्याकडे वळवली जाते. त्यानंतर तुमच्या सर्व्हरने फक्त त्यांच्याकडूनच मेल घ्यावेत अशी अट होस्टिंगवाल्यांकडून घालून घ्या. स्पॅम पाठवणाऱ्यांकडे जुना आयपी पत्ता असतोच, आणि ते नवीन दार टाळून मागच्या दाराने येत राहतात.

ऑटो-डिलीट कायमचे निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. दोन महिने नोंदी ठेवल्यावर १५ गुणांच्या वरचा एकही खरा मेल आढळला नाही, तर ऑटो-डिलीटची स्वतंत्र मर्यादा १५ ठेवून ते चालू करायला हरकत नाही. त्या कारखान्यात आम्ही शेवटी तेच केले. मधल्या, म्हणजे ५ ते १५ गुणांच्या पट्ट्यातले रोजचे वीस-पंचवीस मेल तेथील लेखापाल बाई सकाळचा चहा होईपर्यंत चाळतात.