बडोद्यात नवा फ्लॅट घेतलाय, मुलीच्या खोलीत आकाश रंगवायचंय. पेंटरला द्यावं की घरीच करावं?

तुमची मुलगी पाच वर्षांची, फ्लॅट नवा, आणि ढग, इंद्रधनुष्य, परी, विमान असं सगळं मिळून पेंटरने भलताच आकडा सांगितलाय. माझं मत विचाराल तर पुट्टी आणि प्रायमर त्याच्याकडून करून घ्या, आकाश घरच्यांनी रंगवा, आणि परी-विमान भिंतीवर रंगवूच नका. मी रावपुऱ्यात मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. पाचव्या वर्षी परीसाठी हट्ट करणाऱ्या मुलीला आठव्या वर्षी मैत्रिणींसमोर त्याच परीची लाज वाटते. आकाशाची तशी वाटत नाही. विमान, पक्षी, पतंग जाड कागदाचे कापा आणि पोस्टर लावायचा चिकट गोळा मिळतो त्याने लावा. दुहेरी टेप नको, ती काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. उत्तरायण (संक्रांत) आलं की पतंग, पावसाळ्यात बगळे, वाढदिवसाला परीसुद्धा चालेल!

नव्या फ्लॅटमध्ये प्लास्टरचं पाणी पूर्ण सुकलेलं नसतं. भिंतीवर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले किंवा तिथली भिंत काळपट झाली, तर थांबा. ओल्या भिंतीवर कितीही महागडा रंग दिला तरी फुगतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम.

आता खरं काम. पेंटर सहसा अख्खी भिंत एकाच निळ्याने भरतात आणि वर पांढरे गोळे काढतात, म्हणून ते आकाश वाटतच नाही. गच्चीवर जाऊन बघा: डोक्यावर निळा गडद असतो आणि क्षितिजाकडे फिका, जवळजवळ पांढरा होत जातो, कारण तिकडे आपली नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते. एवढं एक भिंतीवर आलं की निम्मं काम झालं. पांढऱ्या मॅट इमल्शनच्या (पाण्यात मिसळणाऱ्या, बिनचमकीच्या भिंतीच्या रंगाच्या) तीन बादल्या घ्या आणि निळा स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, थेंबाथेंबाने घालत तीन छटा करा. नेहमी पांढऱ्यात निळा घालायचा. निळ्यात पांढरा घालत बसलात तर डबेच्या डबे संपतील. सगळ्यात खालच्या छटेत पिवळ्याचा किंचित अंश हवा. सुरुवात वरून करा. एकाने रोलरने पट्टा द्यायचा, दुसऱ्याने लगेच रुंद, जेमतेम ओलसर ब्रशने दोन छटांची शिवण आडवी-तिरपी फिरवून मिटवायची. रंग ओला असेपर्यंतच हे जमतं, म्हणून काम चालू असताना पंखा बंद. बडोद्याच्या मे महिन्यात इमल्शन हातातल्या हातात सुकतं, तेव्हा हा उद्योग करूच नये.

ढगांना स्पंज. वरच्या कडा फुगीर आणि उजळ, तळ सपाट आणि जरा करडा. ठरावीक उंचीवर वाफेचं पाणी होऊ लागतं म्हणून अशा ढगांचे तळ एका पातळीत असतात. खाली क्षितिजाजवळचे ढग लहान, चपटे, एकमेकांत गुंतलेले काढा. मोठे फक्त वर, तेही दोन-तीनच. उजेडाची बाजू खोलीच्या खिडकीकडची ठेवा. छत पांढरंच राहू द्या. गडद छताने खोली बुटकी वाटते, आणि पंखा काही ढगाआड लपत नाही.

रात्रीच्या ताऱ्यांचंही तुम्ही विचारलंय. अंधारात चमकणारा रंग काडीच्या टोकाने दिवसाच्या आकाशावरच लावा, उजेडात तो फारसा दिसत नाही. दिवा बंद केल्यावर पहिली काही मिनिटंच तो लखलखतो, पुढे मंद होतो. झोपायला तेवढं पुरतं. पण तारे मनाला येतील तिथे टाकू नका. बडोदं साधारण २२ अंश अक्षांशावर आहे, म्हणून इथे ध्रुव क्षितिजाच्या वर २२ अंशांवरच असतो. उशीपासून उत्तरेची भिंत आठ फूट लांब असेल, तर ध्रुव उशीच्या पातळीहून सव्वातीन फूट वर येईल. सप्तर्षी खऱ्या मापाने मावणार नाहीत, लहानच काढा, पण प्रमाण सांभाळा: पुलह आणि क्रतू हे सप्तर्षींच्या चौकोनातले, शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे; पुलहापासून क्रतूपर्यंतचं अंतर त्याच रेषेत पुढे पाचपट नेलं की ध्रुव. आणि सप्तर्षी ध्रुवाच्या वर काढलेत तर शर्मिष्ठा (ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूचा, इंग्रजी M सारखा दिसणारा तारकासमूह) नको, कारण त्या वेळी ती आपल्याकडे क्षितिजाखाली असते. कमाटीबागेतल्या तारांगणात मुलीला आधी एकदा नेऊन आणा, मग असल्या चुका तीच तुम्हाला दाखवेल.

जुन्या घरातला उरलेला ऑइल पेंट मात्र वापरू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा २०१६ चा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही, आणि मुलं भिंती खरवडतातच. तिन्ही छटा एकेका बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा. पलंगाजवळचा पट्टा वर्षभरात मळेल, तेव्हा तिथे पुन्हा हात मारावा लागेल.