फोर्सेप्स (बाळाचं डोकं धरून बाहेर काढायचा चिमटा) लावून बाळंतपण झालं, बाळाच्या गालावर वळ आहेत. काळजीचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. गालावरचे, कानाजवळचे लालसर वळ एक-दोन दिवसांत जातात. मात्र रडताना तोंड एका बाजूला ओढलं जात असेल किंवा एक डोळा नीट मिटत नसेल, तर चेहऱ्याची नस दबलेली असू शकते. तीही बहुधा काही आठवड्यांत सुधारते, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना किंवा झटके आले तर थांबू नका, १०८ला फोन करा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर असाल तर आणखी लवकर, कारण घाट उतरण्यातच वेळ जातो.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटीमीटर उघडलेलं आणि डोकं पुरेसं खाली आलेलं असेल तरच हा चिमटा लावतात. बाळाचे ठोके कमी होत असतील किंवा आई कळा देऊन थकली असेल, तेव्हा तो जीव वाचवतो. त्यामुळे ‘डॉक्टरने ओढून काढलं’ असं बाळंतिणीसमोर बोलू नका.

आणि तिच्याकडेही बघा! फोर्सेप्सने खालची जागा खोल फाटण्याचा धोका व्हॅक्यूमपेक्षा (डोक्याला कप चिकटवून बाळ बाहेर काढण्यापेक्षा) जास्त असतो. टाके दुखणं वाढलं, ताप आला, लघवी अडली किंवा शौच रोखता येईना, तर माहेरी लाजून गप्प बसू देऊ नका.