भाऊ मावा सोडत नाही? आधी तुम्ही समजावणं सोडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. धाकटा भाऊ दिवसभर मावा चघळतो, तुम्ही कॅन्सरचे व्हिडिओ पाठवून झालं, आईची शपथ घालून झालं, भांडून झालं आणि आता तो लपवून खायला लागलाय. मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशनाचं काम करते, हे रोजचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मावा वाईट असतो हे त्याला तुमच्याइतकंच माहितीये हो. त्याच्या मनात दोन्ही चालू असतं, सोडावासा पण वाटतो आणि खावासा पण वाटतो. तुम्ही सोडायची बाजू धरली की दुसरी बाजू आपोआप त्याच्या वाट्याला येते, मग तो बसतो मावा का सुटत नाही याची कारणं देत, आणि माणूस स्वतःच्या तोंडाने जे चारदा बोलतो ते त्यालाच पटत जातं. म्हणजे तुम्ही जितकं समजावणार तितका तो घट्ट होणार.

यावरच मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही समुपदेशनाची पद्धत उभी आहे, म्हणजे सोडायची कारणं समोरच्याच्याच तोंडून येऊ द्यायची. विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी 1983 साली दारूच्या पेशंटबद्दल यावर पहिला लेख लिहिला, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर 1991 मध्ये पुस्तक काढलं. त्याआधी तिकडे दारुड्याला फैलावर घेऊन कबूल करायला लावणं हीच बऱ्याच ठिकाणी ट्रीटमेंट समजली जायची (आपल्याकडे अजूनही घरोघरी तेच चालतं).

प्रत्यक्षात कसं होतं बघा. एक ट्रक ड्रायव्हर आले होते, बायकोने ओढून आणलेलं, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, मावा नसला तर घाटात डोळा लागतो, मग काय गाडी दरीत घालू का?" इथे मी लेक्चर सुरू केलं असतं तर संपलंच होतं. मी एवढंच म्हटलं, "म्हणजे रात्रीची गाडी माव्याशिवाय होतच नाही." तर थोडा वेळ गप्प, मग स्वतःच म्हणतात, "होतच नाही असं नाय, चहावर पण भागतं की. सवय हो. आणि आता तर ठेचा पण खाता येत नाय, तोंड नुसतं भाजतं." आता इथे जीभ शिवशिवते, "बघा! म्हणून सांगतेय सोडा." नाही सांगायचं. मी विचारलं, "ठेचा बंद झाला?" आणि मग तेच बोलत राहिले, जेवणात मजा नाही, मुलगा पण आता पुडी खिशात ठेवायला लागलाय, वगैरे. सोडायची सगळी कारणं त्यांचीच, मी फक्त शेवटी ती एकत्र करून त्यांना परत ऐकवली आणि विचारलं, "मग आता काय करावं वाटतंय?"

घरी करून बघण्यासारखा एक प्रश्न सांगते. त्याला विचारा, मावा सोडणं तुला शून्य ते दहामध्ये किती महत्त्वाचं वाटतं? तो समजा चार म्हणाला तर "चारच का?" असं चुकूनही विचारू नका, नाहीतर परत माव्याची वकिली सुरू. "चार का, एक का नाही?" असं विचारा, म्हणजे उत्तरात सोडायची कारणं येतील. मग तसंच विचारा की सोडायचा ठरवलास तर जमेल याची खात्री किती? बऱ्याच जणांचा पहिला आकडा मोठा असतो आणि दुसरा एकदम खाली, तिथे माहिती नाही, मदत लागते. माहिती द्यायचीच असेल तर आधी विचारा, "एक सांगू का?" तो हो म्हणाला तर थोडक्यात सांगा आणि त्याला काय वाटलं ते विचारा.

ही कुणाला गोड बोलून फिरवायची युक्ती नाही हां. तो आत्ता नको म्हणाला तर तिथेच थांबायचं, दार उघडं ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर घरच्या माणसाला हे अवघड जातं कारण तुमचा जीव अडकलेला असतो, दोन मिनिटांत आवाज चढतो. तसं झालं तर त्याला तंबाखू क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन) नंबर द्या, 1800-11-2356, टोल फ्री आहे, फोन त्यानेच करायचा. तलफ फार असेल तर निकोटिन गम वगैरे डॉक्टरांना विचारून.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. त्याची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगा, जात नसतील किंवा तिखट लागल्यावर आग होत असेल तर मावा सुटो न सुटो, याच आठवड्यात डेंटिस्टला दाखवा.